मड लिकचा डावा फाटा

४ मार्च २००२

प्रिय ऑर्फा मावशी,

पाकिटावर सरकारी शिक्का पाहून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही आणि तुमच्या जमिनीवरचा करही वाढलेला नाही. फोन केला असता, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू हॉबर्टकाकाला चुकीचं सांगतेस. म्हणून लिहितो.

तुमचा पत्ता आजवर 'रूट दोन, पेटी एकशे चौदा' असा आहे. पोस्टमनला तो पुरतो, कारण पोस्टमन रोज तोच असतो. रुग्णवाहिका चालवणारा रोज तोच नसतो. आता राज्यातल्या प्रत्येक घराला खरा पत्ता मिळणार आहे: क्रमांक आणि रस्त्याचं नाव. तू अडीअडचणीला मदतीसाठी नऊ-एक-एक फिरवलंस की टॅकेट जिल्ह्याच्या फोन-कक्षातल्या बाईसमोरच्या पडद्यावर तुझा पत्ता आपोआप उमटेल. तू काही बोलू शकली नाहीस तरी चालेल. तिचे प्रश्न तुला ऐकू आले नाहीत तरी चालेल. मला यातली ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. का, ते तुला सांगायला नको. काकाच्या फुप्फुसांत खाणीची जेवढी धूळ आहे तेवढी त्या खाणीतही उरली नसेल.

जिल्ह्याजिल्ह्यांतले फोन-कक्ष तपासणं, उणिवा काढणं आणि सगळीकडे एकच पद्धत लावणं हे माझं काम. रस्त्यांना नावं देण्याची नियमावलीही मीच लिहिली आहे. मी कॉलेजची पायरी चढलो नाही हे तुला ठाऊक आहे. मोजणीदारांची साखळी धरता धरता नकाशे शिकलो. त्या नियमावलीत कॉलेजवाल्यांना अजून स्वल्पविरामाचीही चूक सापडलेली नाही.

तुमचा नवा पत्ता: २१८, मड लिक उजवा फाटा रस्ता. आकडा टपालपेटीवर ठळक लाव. रस्त्याच्या पाट्या या महिनाअखेर लागतील.

तुझा,
डेल्बर्ट


११ मार्च

डेल्बर्टा,

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग हॉबर्टला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "पोरगं प्यायलंय." मी म्हटलं, डेल्बर्ट दारूला शिवत नाही. तर म्हणाला, "मग प्रकरण जास्त गंभीर आहे."

अरे, आम्ही उजव्या फाट्याला कधी राहायला गेलो? तुझी आई डाव्या फाट्यावर जन्मली, मी डाव्या फाट्यावर जन्मले, लग्न होऊन गेले तीही डाव्याच फाट्यावर चार घरं पुढे. चर्चपाशी मड लिकचे दोन ओढे मिळतात तिथून वर निघालं की डाव्या हाताला आम्ही आणि उजव्या हाताला रॅटलिफ मंडळी. आंधळ्यालाही कळेल.

मी ड्रीमा रॅटलिफकडे गेले. तिलाही पत्र आलंय, आणि तिच्या पत्रात डावा फाटा! बिचारी रडवेली झाली. तिला वाटलं, सरकार घरांची अदलाबदल करतंय. मी लगेच काही बोलले नाही. तिचं स्वयंपाकघर माझ्यापेक्षा मोठं आहे.

चेष्टा सोड. आम्हाला हलवणार आहेत का? खरं काय ते सांग. हॉबर्टचं प्राणवायूचं यंत्र खिडकीपाशी बसवलंय, त्याची नळी संडासापर्यंत पुरते आणि ओट्यापर्यंत पुरते. सगळं मापानं बसवलंय. दुसऱ्या घरात तो आठवडाभरही निघायचा नाही.

मावशी


१५ मार्च

प्रिय ऑर्फा मावशी,

तुम्हाला कुणीही हलवत नाही. घर तेच, रस्ता तोच, नळी तेवढीच. फक्त नाव बरोबर केलं आहे.

नीट वाच. ओढ्याची डावी बाजू म्हणजे उगमाकडे पाठ करून, पाणी वाहतं तिकडे तोंड करून उभ्या माणसाची डावी बाजू. जगातले सगळे नकाशे याच हिशेबाने होतात. तुम्ही लोक चर्चकडून वर जाताना बघता, म्हणजे उगमाकडे तोंड आणि समुद्राकडे पाठ. म्हणून तुमचा डावा तो ओढ्याचा उजवा. पिढ्यान्‌पिढ्या तुम्ही ओढ्याला उलटं धरून चालला आहात. त्यात तुमचा दोष नाही, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

तू म्हणशील, आमच्या सवयीप्रमाणे लिहिलंस तर काय बिघडलं? बिघडतं. या राज्यात डावे-उजवे फाटे असलेली खोरी मोजता येणार नाहीत इतकी आहेत. एका खोऱ्यात वर बघून डावं, दुसऱ्यात खाली बघून डावं, तिसऱ्यात ज्याचं घर मोठं त्याच्या दारातून बघून डावं. गाडी चालवणाऱ्यानं प्रत्येक ठिकाणी उतरून विचारायचं का, की बाबांनो, तुम्ही कुठे तोंड करून जन्मलात?

एक गोष्ट पक्की धर. गाडीवाला पडद्यावर आलेलं नाव पाटीवर शोधतो. पडदा आणि पाटी एक असली की तो घरी पोचतो. चुकीच्या फाट्याला शिरला तर मधे डोंगर आहे, पुन्हा चर्चपर्यंत खाली येऊनच वळावं लागेल. काकाला तेवढा वेळ परवडणार नाही.

तुझा,
डेल्बर्ट


२ एप्रिल

डेल्बर्टा,

पाट्या लागल्या. हिरव्या, छान आहेत.

तुझं पत्र मी रविवारी चर्चला नेलं. प्रार्थना राहिली बाजूला. बाहेर सगळे हात पसरून उभे, अर्धे वर तोंड करून, अर्धे खाली. क्लाईड रॅटलिफ त्याच्या बायकोला म्हणाला, "ड्रीमा, तू डावी आहेस." ती म्हणाली, "मी तुझी बायको आहे, कुठल्याही बाजूनं बघ." पाद्रीसाहेबांना निर्णय विचारला. ते म्हणाले, "चांगली माणसं देवाच्या उजव्या हाताला बसतील एवढं मला माहीत आहे. पण देव ओढ्याच्या वर तोंड करून बसलाय की खाली, ते शास्त्रात नाही."

घरी येऊन मी स्वतः ओढ्यात उभी राहिले, तू म्हणतोस तशी, पाण्याकडे... म्हणजे उगमाकडे पाठ करून. पाणी गार होतं. तू म्हणतोस ते पटतं रे, पाण्यात उभी असेपर्यंत पटतं. बाहेर येऊन घराकडे वळले की पुन्हा डावं.

हॉबर्ट तुझ्यावर चिडलाय. म्हणतो, "मी चाळीस वर्षं डाव्या फाट्यावरचा हॉबर्ट व्हिट आहे. उजव्या फाट्यावर मरणार नाही."

पाट्यांचं म्हणशील तर आता त्या बरोबर आहेत. तू काळजी करू नकोस.

मावशी


९ एप्रिल

प्रिय ऑर्फा मावशी,

पाट्या बरोबर लागल्या आहेत असं तू स्वतः लिहिलंस, याचा मला झाला तेवढा आनंद माझ्या साहेबांच्या शाबासकीनेही होत नाही. मी घरी बायकोला पत्र वाचून दाखवलं. म्हटलं, बघ, ओढ्यात उभी राहून खात्री करून घेणारी बाई! राज्यातला प्रत्येक नागरिक असा असता तर माझं ऑफिस बंद करता आलं असतं.

काकाचा राग उतरेल. पडदा आणि पाटी आता एक आहेत. याहून जास्त मी त्याला काही देऊ शकत नाही.

या महिनाअखेर टॅकेटचा फोन-कक्ष तपासायला येतोय. दिवस भरगच्च आहे, घरी येणं जमेलसं वाटत नाही. मक्याची भाकरी आणि घेवड्याचं कालवण माझ्या नावाने काकाला वाढ.

तुझा,
डेल्बर्ट


२६ एप्रिल

प्रिय ऑर्फा मावशी,

काल टॅकेटचं काम संपवून परतताना मुद्दाम मड लिकवरून गाडी घातली. अंधारायच्या आत राजधानीला पोचायचं होतं म्हणून वर आलो नाही, चर्चपाशीच थांबलो. आणि बघतो तर काय! तुमच्या फाट्यावर 'डावा' आणि रॅटलिफांच्या फाट्यावर 'उजवा'.

मी आधी ठेकेदाराच्या माणसांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. स्पष्ट नकाशा दिला होता, तरी उलट्या ठोकल्या. फोन करून कामगार परत पाठवणार होतो. मग दुकानात कॉफी घेतली. दुकानदाराला सहज विचारलं, व्हिट कुठे राहतात? "डाव्या फाट्याला." एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला विचारलं. "डाव्या." पेट्रोल भरणाऱ्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "डाव्या. आणि तुम्ही ऑर्फाचा भाचा ना? ते पाण्यावाले?"

तेव्हा मनात आलं, की पाटी डावा म्हणते, माणसं डावा म्हणतात, फक्त माझा पडदा उजवा म्हणतोय. तिघांत एकाला हलवायचं तर पडदा हलवणं सोपं. कामगारांना परत पाठवायला तीन आठवडे लागले असते. म्हणून आज मी पडदा बदलला. सोमवारपासून तुमचा पत्ता २१८, मड लिक डावा फाटा रस्ता. नियमावलीला मुरड घालण्याची ही माझी पहिली वेळ आहे. काकाला सांग, जिंकला.

पाट्यांना आता कुणी हात लावू नका, म्हणजे झालं.

तुझा,
डेल्बर्ट


२७ एप्रिल

डेल्बर्टा,

मला तुला एक सांगायचंय, आणि तू रागावशील.

पाट्या बरोबर आहेत असं मी लिहिलं होतं ते आपल्या हिशेबानं. तुझ्या माणसांनी त्या पुस्तकाप्रमाणेच लावल्या होत्या. दुसऱ्या दिवशी हॉबर्ट आणि क्लाईड ट्रक घेऊन गेले आणि अदलाबदल करून आले. हॉबर्ट प्राणवायूची बाटली मांडीवर घेऊन बसला होता आणि क्लाईडला "पाना डावीकडे फिरव, तुझ्या डावीकडे, माझ्या नाही," असं ओरडून सांगत होता. दोघे शाळेतून पळाल्यासारखे खूश होऊन आले. मीही हसले.

पण तुझं पत्र आलं. तू बायकोला वाचून दाखवलंस, माझं कौतुक केलंस, आणि मला माझीच लाज वाटली. तू म्हणतोस पडदा आणि पाटी एक आहेत. अरे, कुठल्या एक? पडद्यावर उजवा आणि आम्ही डावा टांगून बसलेलो. हॉबर्टचा दम हल्ली जिन्याच्या दोन पायऱ्यांत संपतो. त्याच्या हट्टापायी गाडी रॅटलिफांकडे गेली तर?

म्हणून आज सकाळी क्लाईडला धरून नेलं आणि पाट्या तुझ्या पुस्तकाप्रमाणे परत लावल्या. आम्ही उजवे, ते डावे. हॉबर्ट माझ्याशी बोलत नाही. पण आता तू लिहिलंस तसं सगळं आहे. तू निश्चिंत राहा.

मावशी


९ मे
जिल्हा रुग्णालय

डेल्बर्टा,

पडदा बदलल्याचं तुझं पत्र गेल्या आठवड्यात बुधवारी आलं. हॉबर्टला आदल्याच दिवशी, मंगळवारी झालं.

दुपारी तो खुर्चीत बसून सफरचंदाचा मुरांबा पावाला लावत होता. सुरी पडली. मी वळले तर ओठ निळे. यंत्र चालू होतं, नळी जागेवर होती. मी नऊ-एक-एक फिरवलं आणि म्हटलं, हॉबर्टला श्वास येत नाही, लवकर या. पलीकडची बाई काहीतरी विचारत होती. मला फक्त 'डावा' एवढं ऐकू आलं. मला वाटलं, ती आमची जुनी ओळखीची असेल, आपल्या हिशेबानं म्हणतेय. मी म्हटलं, हो, हो, डावा.

टॅकेटची गाडी दुसरीकडे गेली होती, म्हणून शेजारच्या जिल्ह्यातली आली. ती माणसं मड लिकला पहिल्यांदाच येत होती. डावा फाटा असं पडद्यावर, डावा फाटा असं पाटीवर. गेले सरळ. फाट्याच्या टोकापर्यंत गेले, २१८ कुठेच नाही. शेवटी ड्रीमाच्या अंगणात थांबले.

ड्रीमा सांगते, चालक म्हणाला, "रुग्ण कुठे आहे?" ती म्हणाली, "इथे कुणी रुग्ण नाही. तुम्हाला कुठला डावा हवाय?" तो म्हणाला, "बाई, डावा म्हणजे डावा." ती म्हणाली, "अरे पण कुठून डावा? पुस्तकातला की आमचा?" मग तिला एकदम कळलं, हॉबर्ट. पिठाच्या हातांनी ती पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि म्हणाली, "चल. तोंड बंद कर आणि मी सांगते तिकडे वळ."

वाचला. पण डॉक्टर म्हणतात, मेंदूला थोडा वेळ काही मिळालं नाही. बोलताना शब्द शोधतो. काल मला "माझा तो... तो... गोल" असं म्हणत होता. टोपी हवी होती.

मी इथे बाकावर बसून कितीदा तरी मनात ते मांडते आणि कितीदा तरी चुकते. हॉबर्टनं बदललं, मग तू बदललंस, मग मी बदललं. तू माझ्यासाठी, मी तुझ्यासाठी. कुणाला दोष द्यायचा म्हटलं तर तोही आधी कुठे तोंड करून उभा आहे ते बघावं लागेल.

मावशी


१३ मे

प्रिय ऑर्फा मावशी,

काल रजा घेऊन मड लिकला जाऊन आलो. तू रुग्णालयात होतीस. दोन्ही पाट्या मी माझ्या हाताने काढल्या. खांब उघडे उभे आहेत, कुणी काही टांगू नका.

पडद्यावर तुमच्या क्रमांकापुढे मी आता लिहून ठेवलं आहे: 'चर्चपासून झुलता पूल दिसतो त्या अंगाचा रस्ता. बाईला ऐकू कमी येतं. फोन करणारीची वाट न पाहता निघा.' नियमावलीत अशा वाक्याला जागा नाही. साहेबांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, हा पत्ता आहे.

आणि नियमावलीतला डाव्या-उजव्याचा परिच्छेद काढून टाकला. सुधारला नाही, काढला. यापुढे राज्यात कुठल्याही रस्त्याला डावा किंवा उजवा असं नाव नसेल. जिथे अशी जोडी आहे तिथे दोन्हींना वेगवेगळी नावं, आणि ती तिथे राहणाऱ्यांनी सुचवायची. फोन-कक्षांना पत्रं गेली आहेत. पुस्तक ओढ्याबद्दल बरोबर होतं, मावशी. ते माणसांबद्दल नव्हतं, आणि मी ते माणसांना लावलं. याहून जास्त मला अजून लिहिता येत नाही.

तुम्ही आणि रॅटलिफ आपापल्या फाट्याला नाव सुचवा. काका कसा आहे?

तुझा,
डेल्बर्ट


३ जून

डेल्बर्टा,

हॉबर्टला घरी आणलं. यंत्र नवं दिलंय, मोठं, पण नळी आखूड. ओट्यापर्यंत पोचत नाही. म्हणून मी ओट्यावरचं काम खिडकीपाशी आणते आणि तो बघत बसतो.

नावांसाठी पुन्हा चर्चबाहेर बैठक झाली. रॅटलिफांचं दोन मिनिटांत ठरलं, पॉपॉ रस्ता, कारण त्यांच्या काठाला पॉपॉची झाडं आहेत. आमच्या बाजूला मात्र भांडणं. कुणी म्हणे पूल रस्ता, कुणी म्हणे गिरणी रस्ता, पण गिरणी पडून गेली तिला माझ्या लग्नाइतकी वर्षं झाली.

घरी येऊन हॉबर्टला विचारलं. त्यानं बराच वेळ घेतला. मला वाटलं, शब्द सापडत नाही. मग छातीवर बोट ठेवून म्हणाला, "माझं."

मी म्हटलं, "तुझं नाव? तुझ्या नावाच्या रस्त्यावर गायसुद्धा पाऊल टाकणार नाही."

म्हणाला, "हॉबर्ट. रस्ता." आणि हसला. तोंड एका बाजूनं हसतं हल्ली, कुठल्या ते मी लिहीत नाही. पण हसला. शेजारपाजारी सगळे तयार आहेत. तेव्हा तेच लिहून घे.

मावशी


८ जून

प्रिय ऑर्फा मावशी,

काका हसला हे वाचून बरं वाटलं.

पण नाव लावता येणार नाही. नियमावलीतला हा नियम मी काढलेला नाही आणि काढणारही नाही: हयात माणसाचं नाव रस्त्याला देता येत नाही. कारण माणसं नंतर भांडतात, घटस्फोट घेतात, तुरुंगात जातात, घर विकून निघून जातात, आणि मग शेजाऱ्यांना तो रस्ता नको होतो. नाव बदललं की पडदा बदलावा लागतो, पाटी बदलावी लागते. ते पुन्हा व्हायला नको, तुझ्या-माझ्याइतकं हे कुणाला कळणार?

काकाला माझं नाव सांगून समजाव. म्हणावं, दुसरं काहीही सुचव, मी तेच देईन. घाई नाही. तोवर पडद्यावर पूल आहेच.

तुझा,
डेल्बर्ट


२ जुलै

डेल्बर्टा,

तुझं पत्र मी हॉबर्टला वाचून दाखवलं होतं. 'हयात माणसाचं' तिथे मी अडखळले, तर त्यानंच हातानं पुढे वाच अशी खूण केली. संपल्यावर म्हणाला, "त्याला म्हणावं... थोडं... थांब." मला वाटलं, दुसरं नाव सुचवायला वेळ मागतोय.

गाडी आली. तुला हे आधी सांगते. मी फोन ठेवून दार उघडायला गेले, अंगणात दोन खुर्च्या सरकवल्या, आणि गाडी पुलाजवळून वळताना दिसली. चालक अगदी नवा होता, या बाजूला कधी न आलेला. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. डावं नाही, उजवं नाही. सरळ आमच्या दारात. त्यांनी जे करता येतं ते सगळं केलं, घाम निथळेपर्यंत केलं. त्यातली पोरगी शेवटी माझा हात धरून म्हणाली, "आम्ही वेळेत आलो होतो, आजी." मी म्हटलं, "हो बाई, अगदी वेळेत आलात."

शुक्रवारी पुरलं. तुला कळवायला उशीर झाला, कागद हाती घेतला की काय लिहायचं ते उलटसुलट व्हायचं.

आता तुझ्या नियमाची अडचण राहिली नाही. पाटी करून घे. नाव लिहिताना लक्ष दे, लोक चुकतात: शेवटी ट आहे, ड नाही.

मावशी